अरिस्टायडीस, पण कोणता?

रांग सरकते आहे, पण मुंगीच्या पावलांनी. तुमच्या मागेपुढे उभी असलेली सगळी माणसं अँटिओकिस गणाची आहेत. अथेन्सच्या नागरिकांचे गण दहा, म्हणून आज अगोरात शिरायला दारंही दहा. एरवी हा चौक चहूबाजूंनी उघडा असतो. बाजार, राजकारण, गप्पा, भांडणं सगळं इथेच चालतं. आज मात्र फळ्यांचं कुंपण घातलंय आणि आत जाणाऱ्या प्रत्येकाच्या मुठीत खापराचा एक तुकडा आहे. अक्षरांची बाजू आत. कुणाचं नाव कोरलंय ते शेजाऱ्याला कळायला नको.

इ.स.पू. 482 चा हिवाळा सरत आला आहे. शहराला एकच गोष्ट ठरवायची आहे: यंदा कुणाला बाहेर घालवायचं. आरोपपत्र नाही, साक्षीपुरावे नाहीत, बचावाचं भाषणही नाही. किमान सहा हजार खापरं जमली पाहिजेत. ज्याच्या नावाची सर्वाधिक निघतील त्याने दहा दिवसांत अथेन्स सोडायचं आणि दहा वर्षं परतायचं नाही. त्याची जमीन, घर, नागरिकत्व शाबूत राहतं. हुकूमशाही पुन्हा येऊ नये म्हणून काढलेली ही तोड पाच-सहा वर्षांपूर्वी पहिल्यांदा वापरात आली आणि तेव्हापासून शहरातले बडे लोक एकेक करून बाहेर पडताहेत. मेगाक्लीस गेला. पेरिक्लीसचा बाप क्सान्थिप्पोस गेला. आज खापर कुणाच्या माथी फुटणार, यावर रांगेत दोनच नावं ऐकू येतात: थेमिस्टोक्लीस आणि अरिस्टायडीस. लॉरियनच्या खाणीत चांदीची मोठी शीर लागली आहे. ती चांदी नागरिकांत वाटू नका, तिच्यातून युद्धनौका बांधा, असं थेमिस्टोक्लीसने सांगितलंय. या दोघांचं आपसांत कधी पटलेलं नाही.

मूठ जरा उघडा. तुकडा आहे काळ्या झिलईच्या पेल्याच्या बुडाचा. गोल, जाड, तळहातात नेमका मावणारा. पेला फुटला तरी बूड टिकतं, म्हणून पुष्कळांनी तेच उचललंय. टोकदार काहीतरी घेऊन झिलई खरवडली की खालची तांबूस माती उघडी पडते आणि तेच अक्षर. पहिल्या ओळीत अरिस्टायडीस, दुसऱ्या ओळीत लिसिमाकोसचा. अक्षरं नीट पाहून ठेवा, पुढे लागतील. ‘स’ तीन रेघांचा आहे, नंतरच्या काळासारखा चार रेघांचा नाही. ‘ल’ जवळजवळ रोमन एलसारखा. आणि अरिस्टायडीसच्या नावात ‘ए’चा ऱ्हस्व आणि दीर्घ असे दोन्ही उच्चार येतात, तरी दोन्हीकडे अक्षर एकच, उभ्या दांड्याला तीन आडव्या रेघा असलेलं. दीर्घ ‘ए’साठी वेगळं अक्षर अथेन्समध्ये अजून रुळलेलं नाही. ‘ओ’चंही तसंच.

प्लूटार्कने सांगितलेला प्रसंग याच गर्दीतला. लिहिता न येणाऱ्या एका खेडुताने शेजारच्या माणसापुढे खापर धरलं आणि यावर अरिस्टायडीस लिही म्हणून सांगितलं. शेजारचा माणूस स्वतः अरिस्टायडीसच होता. त्याने तुझं काय वाईट केलंय, असं विचारल्यावर खेडूत म्हणाला, काही नाही, मी तर त्याला ओळखतही नाही, पण जिकडेतिकडे त्याला ‘न्यायी’ म्हणतात ते ऐकून कंटाळा आलाय. अरिस्टायडीसने मुकाट्याने स्वतःचं नाव लिहून खापर परत दिलं. प्रसंग खरा की रचलेला, हे कुठल्याही तुकड्यावरून ठरणार नाही. मला त्यातली एकच गोष्ट सोडवत नाही: नाव सगळ्यांना पाठ आणि तोंडओळख कुणालाच नाही. दोन-अडीच हजार वर्षांनी त्या खापराकडे बघणाऱ्या संशोधकाची अवस्था याहून वेगळी नसते.

नुसतं नाव कुणालाच पुरत नाही, हे अथेन्सच्या माणसांनाही माहीत होतं. म्हणून पूर्ण ओळख तीन पदांची. स्वतःचं नाव, बापाचं नाव आणि डेमोसचं, म्हणजे मूळ गावाचं किंवा वस्तीचं नाव. असे डेमोस अॅटिका प्रांतात 139. थेमिस्टोक्लीस हा निओक्लीसचा, फ्रेआरीचा. अरिस्टायडीस हा लिसिमाकोसचा, आलोपेकेचा. आपल्याकडे पाटीवर नाव, वडिलांचं नाव आणि गावाला ‘कर’ लावून आडनाव लिहितात त्याच चालीचं हे. एकदा नोंद झालेला डेमोस घर बदललं तरी बदलत नसे, मुलाला बापाचाच मिळे.

ही काळजी वाया गेलेली नाही. खापरांवर हिप्पोक्राटीस हे नाव येतं. ते दोघांचं आहे: एक आल्कमेओनिडीसचा मुलगा, दुसरा अनॅक्सिलेओसचा. बापाचं नाव नसतं तर आपण दोघांना मिळून एकच माणूस केला असता आणि त्याच्या पदरी नसलेले शत्रूही बांधले असते. पण बापाचं नाव तरी किती पुरणार? थोरल्या मुलाला आजोबांचं नाव ठेवण्याची ग्रीकांची रीत. आज रांगेत ज्याचं नाव घोळतंय त्या अरिस्टायडीसला पुढे लिसिमाकोस नावाचा मुलगा होणार आणि त्या लिसिमाकोसच्या मुलाचं नाव पुन्हा अरिस्टायडीस. प्लेटोच्या ‘लॅकीस’ या संवादात हा म्हातारा लिसिमाकोस आपल्या मुलाच्या शिक्षणाची चिंता घेऊन येतो. म्हणजे आजोबा आणि नातू दोघेही अरिस्टायडीस, लिसिमाकोसचे, आलोपेकेचे. तिन्ही पदं तंतोतंत तीच. दगडावर पूर्ण नाव सापडलं तरी काम संपत नाही ते यामुळे.

खापर टाका आणि बाहेर पडा. मोजणी संध्याकाळपर्यंत चालेल, निकाल तुम्हाला ठाऊक आहे. अरिस्टायडीस जाईल, इराणची स्वारी आली की दोन वर्षांत त्याला परत बोलावलं जाईल, सॅलमिस आणि प्लाटिया या लढायांत तो असेल. मित्रनगरांनी अथेन्सला किती वर्गणी द्यायची हे 478 मध्ये तोच ठरवेल आणि त्यात एक पैशाचाही गैरव्यवहार झाल्याची तक्रार होणार नाही. सुमारे 467 मध्ये तो मरेल तेव्हा अंत्यविधीलाही पैसे नव्हते, मुलींची लग्नं शहराने लावली, अशी त्याची ख्याती मागे राहील. इथूनच पुढची कथा सुरू होते.

आता तुम्ही दीड शतक ओलांडून अॅक्रोपोलिसच्या दक्षिण पायथ्याशी आला आहात. डायोनिससचं आवार. वर नाट्यगृहाच्या पायऱ्या, खाली कांस्याच्या तिवयांच्या रांगा. डायोनिससच्या उत्सवात दहा गणांचे गायकवृंद उतरत, एकेका वृंदात पन्नास जण. त्यांच्या तालमीचा, पोशाखाचा, खाण्यापिण्याचा सगळा खर्च गणातल्या एका धनिकाने करायचा. त्याला कोरेगोस म्हणत. वृंद जिंकला की बक्षीस म्हणून तिवई मिळे आणि तिच्याखाली लेख कोरून ती देवापुढे उभी करत. त्यातल्या एका लेखापाशी एक उमदा, राजबिंडा माणूस थांबला आहे. फालेरॉनचा डेमेट्रियस. 317 ते 307 अशी दहा वर्षं अथेन्सचा कारभार त्याच्या हाती होता. लेखात तीनच गोष्टी आहेत: अँटिओकिस गण जिंकला, अरिस्टायडीस कोरेगोस होता, वृंद आर्केस्ट्राटोसने बसवला.

डेमेट्रियसला हवं तेच मिळालं आहे. ‘सॉक्रेटिस’ या आपल्या ग्रंथात त्याला दाखवायचंय की थोर माणसं दरिद्री नव्हती. सॉक्रेटिसचं स्वतःचं घर होतं आणि क्रायटोकडे त्याचे 70 मिना गुंतवलेले होते, असं तो लिहितो. अरिस्टायडीसची फालेरॉनला जमीन होती, तिथेच त्याला पुरलं. खापरांची हद्दपारी बड्या घरच्यांच्याच वाट्याला येई. आणि ही तिवई तर डोळ्यांदेखत उभी. गरीब माणूस पन्नास जणांना पोसेल कसा? शिवाय आलोपेके हा डेमोस अँटिओकिस गणातलाच. नाव जुळतं, गण जुळतो, शहरही तेच. सगळं अगदी गोडीगुलाबीने जुळत जातं आणि बापाचं नाव नाही याकडे कुणाचं लक्ष जात नाही.

इ.स.पू. दुसऱ्या शतकाच्या उत्तरार्धात याच तिवईपाशी पानायटियस येतो. रोड्सचा, स्टोइक पंथाचा तत्त्वज्ञ, अथेन्समधल्या त्या पंथाचा पुढे प्रमुख. तुम्ही त्याच्या शेजारी उभे राहा. तो सरळ वाकतो आणि अक्षरं बघू लागतो. तुम्हीही वाका. अगोरातल्या खापरावरची अक्षरं आठवताहेत ना? इथे नावाच्या शेवटी वेगळंच चिन्ह आहे, दोन उभ्या रेघा आणि मध्ये आडवी. दीर्घ ‘ए’साठी स्वतंत्र अक्षर. ही आयोनियाची वर्णमाला. अथेन्सने सरकारी लेखांसाठी ती स्वीकारली युक्लिडीस हा मुख्य अधिकारी, म्हणजे आर्कन असताना, 403 मध्ये. (भूमिती लिहिणारा युक्लिड तो हा नव्हे. ही नावांची गफलत इथेसुद्धा पाठ सोडत नाही.) न्यायी अरिस्टायडीस मरून तेव्हा साठहून अधिक वर्षं उलटली होती. मेलेला माणूस वृंद उभा करत नाही.

पानायटियस इथे थांबत नाही, म्हणूनच मला त्याच्याबद्दल फार आदर वाटतो. अक्षरांची ठेवण हा एक पुरावा झाला. तो लेखातल्या दुसऱ्या माणसाकडे वळतो. आर्केस्ट्राटोस कोण? इराणशी झालेल्या युद्धांच्या काळात त्याचा कुठेच उल्लेख नाही. पेलोपोनीजच्या युद्धाच्या काळात मात्र या नावाच्या कवीचे पुष्कळ उल्लेख आहेत. म्हणजे सोबतीच्या नावानेही काळ तोच सांगितला. मग पानायटियस कोरेगोसांच्या नोंदी पाहतो आणि त्याला दोन अरिस्टायडीस सापडतात. एक क्सेनोफिलोसचा मुलगा, दुसरा बराच नंतरचा. लिसिमाकोसचा मुलगा त्यांत नाहीच.

ज्याने हे सगळं आपल्यासाठी लिहून ठेवलं त्या प्लूटार्कच्या काळी, म्हणजे आणखी दोन शतकांनी, त्या तिवया अजून दाखवल्या जात. प्लूटार्कही डोळे मिटून कुणाच्या मागे गेला नाही. कोरेगोस होण्याचा खर्च मित्रही उचलतात, प्लेटोचा तसाच उचलला होता, असं तो सांगतो. हद्दपारी फक्त धनिकांच्या वाट्याला येई हेही त्याला मान्य नाही. पेरिक्लीसचा गुरू डॅमोन फार हुशार दिसला एवढ्याच कारणाने गेला, असा दाखला तो देतो. आणि विसाव्या शतकात केरामेइकोसच्या उत्खननात डॅमोनच्या नावाचं खापर खरंच हाती आलं, बापाच्या नावासकट. अरिस्टायडीस आर्कन कधी झाला यावरही प्लूटार्क थेट यादी उघडतो. डेमेट्रियस म्हणतो प्लाटियाच्या लढाईनंतर, मरणाच्या थोडं आधी. प्लूटार्क नावं वाचत जातो. प्लाटियाच्या वर्षीचा आर्कन क्सांथिप्पिडीस, त्याच्यानंतरच्या लांबलचक यादीत अरिस्टायडीस एकही नाही. मॅरेथॉनच्या वर्षीचा आर्कन फैनिप्पोस, त्याच्या लगेच खाली अरिस्टायडीस. वाद मिटला.

दोन हजार वर्षांपूर्वीचे हे लोक आजच्या शिलालेखतज्ज्ञासारखे वागतात याचं मला नवल वाटतं आणि त्याहून जास्त आनंद होतो. पण त्यापलीकडे एक गोष्ट मला बोचते. तिवई न्यायी अरिस्टायडीसची, असं म्हटलं की मोठ्या माणसाच्या चरित्रात एक ओळ वाढते, एवढंच आपल्याला दिसतं. दुसऱ्या बाजूला एका माणसाचं आयुष्य पुसलं जातं, ते दिसत नाही. युद्धात हरलेल्या, कंगाल झालेल्या शहरात कुण्या अरिस्टायडीसने पदरचा पैसा घालून पन्नास गायक उभे केले. ते जिंकले. त्याने देवापुढे तिवई मांडली. त्याच्याबद्दल आपल्याला माहीत असलेली ही एकमेव गोष्ट आणि तीसुद्धा त्याच्या प्रसिद्ध नावभावाने खाऊन टाकली असती. चुकीची ओळख पटवणं म्हणजे चोरी आहे, असं मी मानतो.

आवारातून पूर्वेकडे निघा. तिवयांचा रस्ता टेकडीला वळसा घालून जातो. आज प्लाका नावाच्या भागात, उपाहारगृहांच्या खुर्च्यांमध्ये, या रस्त्यावरचं एक स्मारक अजून उभं आहे. लिसिक्राटीसचं, 335-334 चं. गोल, संगमरवरी, माथ्यावर कधीकाळी तिवई. त्याचा लेख वाचला की डेमेट्रियसच्या तिवईवर काय नव्हतं ते कळतं. किकिन्ना डेमोसच्या लिसिथेइडीसचा मुलगा लिसिक्राटीस कोरेगोस होता. अकामांटिस गणाच्या मुलांचा वृंद जिंकला. सनईसारखं ऑलोस हे वाद्य थिओनने वाजवलं. वृंद लिसिआडीसने बसवला. युऐनेटोस आर्कन होता. बाप आहे, गाव आहे, आणि आर्कनमुळे वर्षही आहे. इतिहासात या लिसिक्राटीसला दुसरी ओळख नाही, तरी त्याची गल्लत कुणाशीच व्हायची नाही.

आता आपल्या काळाजवळ या. 1937 सालचं अॅक्रोपोलिस, उत्तरेचा उतार. ऑस्कर ब्रोनीअर एक जुनी विहीर उपसतो आहे आणि गाळातून खापरं वर येताहेत. शंभर, दीडशे, एकशेनव्वद. सगळ्यांवर थेमिस्टोक्लीस, निओक्लीसचा. बहुतेक पेल्यांची बुडं, तुमच्या मुठीत होतं तसली. ओळीने मांडून बघितल्यावर लक्षात येतं की शेकडो माणसांनी हे लिहिलेलंच नाही. अक्षराच्या वळणावरून हात ओळखले तर ते अवघे चौदा भरतात. मतदारांना वाटायला कुणीतरी बसून तयार केलेला हा साठा. लिहिणाऱ्यांपैकी एकाचंही नाव आपल्याला कळणार नाही. कळतात ते त्यांचे हात, आणि थेमिस्टोक्लीसला घालवण्यासाठी एकत्र बसलेला एक गट.

केरामेइकोस या कुंभारवाड्यात एरिडानोस ओढ्याच्या जुन्या पात्रात 1960 च्या दशकात जर्मन उत्खननकारांना सुमारे साडेआठ हजार खापरं मिळाली. त्यांत एकट्या मेगाक्लीसची चार हजारांहून अधिक. काहींवर त्याला शापित म्हटलंय, काहींवर घोडे पाळणारा म्हणून हिणवलंय. एकाच भांड्याचे तुकडे एकमेकांना नेमके बसतात आणि एकावर मेगाक्लीस तर दुसऱ्यावर थेमिस्टोक्लीस निघतो, म्हणजे दोघांवर मतदान एकाच दिवशी झालं असणार. इथे ओळख पटवायला फुटलेल्या कडा उपयोगी पडल्या. प्रत्यक्षात हद्दपार झालेल्या अरिस्टायडीसची खापरं मात्र त्या मानाने थोडीच हाती आली आहेत. ढीग जिथे टाकला आणि जिथे आपण खणलं, त्यावर हे सगळं अवलंबून.

शेवटी मला तुमच्या हातात एक तुकडा द्यायचाय. अमेरिकन संशोधक 1931 पासून करत आलेल्या अगोराच्या उत्खननातून एकाच माणसाच्या नावाची अडीचशेहून अधिक खापरं निघाली. नाव कालिक्सेनोस. जुन्या अथेन्सला ‘क्स’साठी एक अक्षर नव्हतं, म्हणून मधे दोन अक्षरं जोडून लिहिलेली दिसतात, त्यावरूनच काळ कळतो. बाप अरिस्टोनिमोस. डेमोस क्सिपेटे. तिन्ही पदं हजर, घोटाळ्याला जागा नाही. आणि हेरोडोटस, थ्युसिडिडीस, प्लूटार्क, कुणाच्याही ग्रंथात या माणसाचं अक्षरसुद्धा नाही. खापरं निघेपर्यंत तो होता हेच जगाला ठाऊक नव्हतं. तरीही एका वर्षी अथेन्सच्या शेकडो नागरिकांना तो इतका खुपत होता की त्यांनी मातीवर त्याचं नाव खरवडलं. एका फुटक्या तुकड्यावरची अर्धवट अक्षरं आल्कमेओनिडी या मेगाक्लीसच्या घराण्याकडे बोट दाखवतात. तुकड्याची कड नेमकी तिथेच मोडली आहे आणि गेलेली अक्षरं चौकटी कंसात भरावी लागतात. कंसातलं अक्षर संशोधकाचं असतं, दगडाचं नव्हे. वाचताना ते वेगळं ठेवायची सवय लावून घ्या.

कालिक्सेनोस कोण होता, त्याने केलं काय, याचं उत्तर खापरांतून येणार नाही, कारण त्याच्या बहुतेक शत्रूंनी नावापलीकडे काही लिहायची तसदी घेतली नाही. एखाद्या तिवईचा चौथरा, एखादा हिशेबाचा दगड निघायला हवा. त्यावर अरिस्टोनिमोसचा मुलगा, क्सिपेटेचा, आणि शेजारी त्या वर्षीच्या आर्कनचं नाव एवढं जरी वाचता आलं, तरी इ.स.पू. 480 च्या आसपासच्या अथेन्सच्या राजकारणाचं एक प्रकरण नव्याने लिहायला घ्यावं लागेल.